जेवढं तापवायचं, तेवढंच सांभाळायचं

लातूर, उदगीर, अंबाजोगाई या भागात नवं घर बांधणारा माणूस गिझरचा विचार करतो तो थेट दुकानात उभा राहिल्यावर. तिथे त्याला लिटर, रंग आणि वॉरंटी यांची माहिती मिळते. आपल्या पाण्यात हा गिझर टिकेल का, हे कुणी सांगत नाही. लातूर शहराच्या नळाला मांजरा धरणाचं पाणी येतं, पण ते रोज येत नाही. मधले दिवस बोअरवर किंवा टँकरवर निघतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच शहर. पाणी खाली गेलं तसे बोअर खोल गेले, आणि काळ्या बेसाल्टच्या भेगांमध्ये दीर्घ काळ साठलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं पाणी घराघरांत आलं. असं पाणी तापवण्याबद्दल या भागात दोन मतं आहेत. एक म्हणतं, मुळात पाणीच सुधारा. दुसरं म्हणतं, पाणी सुधारत नसतं, बिघडेल ते बदलत जा.

पुढच्या संवादातल्या बाई आणि मिस्त्री ही माणसं कल्पित आहेत. बाई रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि घर बांधत आहेत. मिस्त्री त्यांच्या घराचं प्लंबिंग करत आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या भागातल्या प्रत्येक घराचे आहेत.

मिस्त्री : बाई, उद्या बाथरूमच्या भिंतीला झिरी मारायची आहे. गिझर कुठला घेताय ते सांगा, म्हणजे पॉइंट काढून ठेवतो. माझं विचाराल तर लई भारीतला घेऊ नका. आपल्या बोअरच्या पाण्यात महागाचा असो की साधा, एलिमेंट जायचंच. साधा घ्या, एलिमेंट गेलं की बदलू. टाकी गळायला लागली की गिझर बदलू.

बाई : एलिमेंट का जातं हे माहीत असताना ते नुसतं बदलत राहायचं, हे मला पटत नाही. मी आधी पाण्याचं बघणार आहे. पाणी तपासून घेतलंय. कठीणता लिटरला ४५० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०० पर्यंत योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे नाइलाजानं पिता येईल असं हे पाणी आहे, पण गिझरला ते झेपणारं नाही. म्हणून गच्चीवर सॉफ्टनर बसवायचा आणि सगळ्या घराला मऊ पाणी द्यायचं, असं मी ठरवलंय.

मिस्त्री : तपासायला कशाला दिलं? आमच्याकडे मीटर आहे की. पाण्यात बुडवला की आकडा येतो.

बाई : तो टीडीएसचा मीटर. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत, याचा अंदाज तो देतो. त्यातलं साधं मीठ किती आणि थर धरणारं कॅल्शियम किती, हे त्याला कळत नाही. कठीणता वेगळी मोजावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ती मोजून मिळते.

मिस्त्री : घरच्या बायकांना ते प्रयोगशाळेआधी कळतं. शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही तुरीची डाळ बोटचेपी होत नाही, साबणाला फेस येत नाही. तेवढ्यावरून आम्ही ओळखतो.

बाई : तुमची खूण बरोबर आहे. पण किती, हे त्यावरून ठरत नाही, आणि इथे सगळा प्रश्न कितीचा आहे. माझ्या ४५० मध्ये ३०० ही तात्पुरती कठीणता आहे. मातीत मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याच्या जोरावर चुनखडीतलं, दगडातलं कॅल्शियम विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात धरून ठेवतं. पाणी तापलं की तो वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. चौघांच्या घरात रोज ६० लिटर पाणी तापलं, तर त्यात असा १८ ग्रॅम थराचा माल असतो. वर्षाला साडेसहा किलो. त्यातला बराचसा पाण्याबरोबर बादलीत जातो. पण दहावा भाग जरी आत राहिला, तरी वर्षाला साडेसहाशे ग्रॅम दगड गिझरमध्ये साठतो.

मिस्त्री : ते खरंय. पाच-सहा वर्षं न उघडलेला गिझर फोडला की अर्धं घमेलं पांढरी खडी निघते. पंधरा लिटरची टाकी, पण पाणी दहा लिटरच मावतं. माणूस म्हणतो पाणी पुरत नाही. पुरेल कसं? आणि लाइट बिल वाढतं ते वेगळंच.

बाई : बिलाचं मात्र तितकं खरं नाही. विजेच्या गिझरमध्ये एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं. त्यातून निघालेली उष्णता थरातून थोडी उशिरा का होईना, पाण्यातच जाते. गॅसच्या गिझरमध्ये थर आला तर उष्णता धुराबरोबर वाया जाते, तिथे नुकसान होतं. विजेच्या गिझरचा धोका वेगळा आहे. तांब्याच्या मानानं हा थर शंभरपटीहूनही कमी उष्णता वाहून नेतो. एलिमेंटवर गोधडी गुंडाळल्यासारखं होतं. आतली उष्णता बाहेर पडत नाही, नळी तापत राहते आणि एक दिवस तडकते. आता मला सांगा मिस्त्री, तुम्ही ‘एलिमेंट गेलं’ म्हणता तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

मिस्त्री : कधी आतली तार तुटते, मग पाणी तापतच नाही. ते परवडलं. कधी नळीला चीर पडते. मग पाणी आत शिरतं आणि करंट पाण्यात उतरतो.

बाई : आणि त्या वेळी खाली कुणीतरी आंघोळ करत असतं.

मिस्त्री : होय बाई. म्हणून तर मी अर्थिंगशिवाय गिझर जोडत नाही. पण कितीतरी घरांत प्लगला तीन पिना असतात, तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. नाहीतर अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. तुमचा सॉफ्टनर राहू द्या, आधी बोर्डात आरसीसीबी घाला. ३० मिलिअँपिअरचा. करंट गळायला लागला की झटक्यात लाइन तोडतो. एमसीबी ते काम करत नाही. तो जादा लोडला पडतो, माणसाला वाचवायला नाही.

बाई : ते करूच. पण मग तुमचं ‘गेलं की बदलू’ हे टिकत नाही. कारण ते जाण्याची वाट बघणं म्हणजेच त्या चिरेची वाट बघणं आहे.

मिस्त्री : बरं, मानलं. आता माझं ऐका. सगळ्या घराला सॉफ्टनर म्हणताय, त्याला मीठ किती लागेल?

बाई : सॉफ्टनरमधला राळेचा दाणा कॅल्शियम ओढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. दाणे भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन त्यांना परत कामाला लावायचं. आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं सापडतात, जळगाव, नाशिक, पुण्याकडची त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्यात हाच गुण असतो, आणि सुरुवातीचे सॉफ्टनर तशाच झिओलाइटवर चालत. मिठाचा हिशेब करू. घरात रोज ५०० लिटर पाणी धरलं तर २२५ ग्रॅम कठीणता काढायची. कागदावर त्याला साधारण २६० ग्रॅम मीठ लागतं, प्रत्यक्षात दुप्पट धरावं. महिन्याला पंधरा किलो.

मिस्त्री : पंधरा किलो मीठ. आणि ते धुतलेलं खारट पाणी कुठे सोडायचं? परसात आंबा आणि कढीपत्ता लावणार आहात. शोषखड्ड्यात सोडायचं म्हटलं, तर तो बोअरपासून वीस फुटांवर आहे. म्हणजे वरून मीठ घालायचं आणि खालून तेच उपसायचं. शिवाय दाणे धुवायला जे पाणी जातं, ते एप्रिल-मे महिन्यात टँकरनं विकत घेतलेलं असेल. इथे घागरभर पाणीसुद्धा माणूस मोजून वापरतो, आणि तुम्ही संडासात टाकायचं पाणी मऊ करणार?

बाई : हा मुद्दा बिनतोड आहे. आणखी एक भर मीच घालते. एवढी कठीणता काढली की लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम वाढतं. रक्तदाब असलेल्या माणसानं ते पाणी पिऊ नये. सगळ्या घराचा सॉफ्टनर नको, हे मान्य. पण गिझरच्या लाइनपुरता छोटा बसवला तर? रोज ६० लिटरला महिन्याला दोन किलोहून कमी मीठ लागेल.

मिस्त्री : त्याच्याही आधी एक सोपं काम आहे. गच्चीवर टाक्या दोन ठेवा. एक नळाच्या पाण्याची, एक बोअरची. संडास, धुणं, झाडं बोअरवर. गिझरची लाइन फक्त नळाच्या टाकीला. धरणाचं पाणी बोअरइतकं जड नसतं. आज भिंत उघडी आहे तोवर हा एक पाइप वेगळा खेचायला काहीच खर्च नाही. टाइल्स लागल्या की हेच काम तोडफोडीचं होतं.

बाई : मग तिसरी टाकी पावसाच्या पाण्याची. छत १०० चौरस मीटरचं आहे, एक मिलिमीटर पावसाला १०० लिटर. पहिला पाऊस सोडून द्यायचा, गाळणी लावायची आणि पाच हजार लिटरची झाकलेली टाकी परतीच्या पावसात भरून घ्यायची. रोज ६० लिटर वापरलं तर ८३ दिवस पुरते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. आपल्याकडे गिझर सर्वांत जास्त चालतो ते हेच दिवस. पावसाच्या पाण्यात थर धरण्यासारखं जवळजवळ काही नसतंच.

मिस्त्री : हे मला सुचलं नव्हतं. पावसाचं पाणी म्हटलं की लोक बोअरच्या पुनर्भरणाचं बोलतात, गिझरचं कुणी बोलत नाही. आरओमधून बाहेर पडणारं पाणी मात्र आंघोळीला तापवू नका. वाया जाऊ नये म्हणून लोक ते गिझरच्या टाकीत ओततात.

बाई : बरोबर. ते तर मूळ पाण्याहून जास्त कठीण असतं. त्यानं फरशी पुसावी. आता तापमानाचं बोलू. तुम्ही थर्मोस्टॅट कितीवर ठेवता?

मिस्त्री : पूर्ण. पंच्याहत्तरवर. कमी ठेवला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, पाणी पुरत नाही म्हणून.

बाई : ६० अंशांच्या वर थर धरण्याचा वेग चांगलाच वाढतो. आणि ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. हिशेब करून बघा. पंधरा लिटरची टाकी ७५ अंशांवर ठेवली आणि त्यात २० अंशांचं गार पाणी मिसळलं, तर आंघोळीचं ४० अंशांचं पाणी ४१ लिटर मिळतं. पंचवीस लिटरची टाकी ५५ अंशांवर ठेवली तर ४४ लिटर मिळतं. पाणी तेवढंच किंवा थोडं जास्तच, वीजही जवळपास तेवढीच आणि थर कितीतरी कमी. म्हणून टाकी मोठी घ्यायची आणि तापमान कमी ठेवायचं.

मिस्त्री : म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांनी लहान टाकीत वाचवलेले पैसे एलिमेंटवर घालवले. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरचं तर बोलायलाच नको. इवल्याशा टाकीत तीन किलोवॉटचं एलिमेंट. बोअरवर ते लई लवकर जातं. पण कोमट पाण्यात जंतू वाढतात म्हणतात, त्याचं काय?

बाई : लेजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो, ६० अंशांना लवकर मरतो. रोज रिकाम्या होणाऱ्या छोट्या टाकीत धोका कमी असतो. तरी आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावं. गावाहून आल्यावर पहिलं पाणी चांगलं तापवून सोडून द्यावं. बाकीचे दिवस ५० ते ५५ अंश पुरे. आता जोडणीचं तुम्ही सांगा. तिथे मी विद्यार्थी.

मिस्त्री : पहिली गोष्ट, गिझर माळ्यावर कोंबायचा नाही. खालची झाकणाची प्लेट उघडून एलिमेंट सरळ बाहेर ओढता आलं पाहिजे, तेवढी जागा खाली मोकळी. दुसरी, गार पाण्याच्या लाइनवर बॉल व्हॉल्व्ह आणि दोन्ही लाइनवर युनियन. म्हणजे सगळ्या घराचं पाणी बंद न करता गिझर दहा मिनिटांत उतरतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, साधा पीव्हीसी नाही. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याची नळी दिसेल अशी खाली सोडायची.

बाई : लोक तिथून थेंब गळतो म्हणून तक्रार करतात ना?

मिस्त्री : करतात, आणि एम-सीलनं बुजवतात. मी किती सांगितलं तरी बुजवतात.

बाई : तो थेंब म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय. २० अंशांपासून ५५ पर्यंत तापताना २५ लिटर पाणी सुमारे तीनशे मिलिलिटरनं फुगतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, मग तिथूनच निघायला हवं. ती वाट बुजवली आणि थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी बाँबच होते. आणि कठीण पाण्यात ही वाट माणसानं न बुजवताही क्षारानं बुजते.

मिस्त्री : म्हणून महिन्याला एकदा त्याची दांडी उचलून पाणी सोडायचं. सोडलं की सुरळीत बंद होतो का बघायचं. अडकला तर दुरुस्त करत बसायचं नाही, नवा टाकायचा. इथे माझं ‘बदलून टाकू’ चालेल ना?

बाई : इथे तेच योग्य. आणि वर्षातून एकदा गिझर उघडायचा. केव्हा?

मिस्त्री : दिवाळीच्या आधी. थंडीत सगळ्यांचे फोन एकदम येतात, मिस्त्री मिळत नाही. उघडायचा, तळाचा गाळ काढायचा, एलिमेंट साफ करायचं आणि रॉड बघायचा. तो रॉड मॅग्नेशियमचा. टाकीऐवजी स्वतः झिजतो. बोअरच्या पाण्यावर वर्ष-दीड वर्षात नुसती तार उरलेली मी बघितलीय. तो बदलला नाही की टाकीला भोक पडतं. गिऱ्हाइकाला हा रॉड आत आहे हेच माहीत नसतं.

बाई : या युक्तीला दोनशे वर्षं झाली. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंड जोडून तो वाचवून दाखवला होता. एलिमेंट कशानं साफ करता?

मिस्त्री : बाकीचे संडासाचं अ‍ॅसिड वापरतात. फसफसतं, एका मिनिटात चकाचक.

बाई : ते हायड्रोक्लोरिक आम्ल. ते थराबरोबर धातूही खातं, आणि स्टेनलेस स्टीलला त्यातल्या क्लोराइडमुळे खोल खड्डे पडतात. सायट्रिक आम्ल वापरा, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो. त्यात साडेतीनशे ग्रॅमहून अधिक थर विरघळू शकतो. एलिमेंट रात्रभर बुडवायचं, जोडणीची टोकं मात्र कोरडी ठेवायची. पाणी उकळतं घेऊ नका, कॅल्शियम सायट्रेटचाच साका बसतो. मॅग्नेशियमचा रॉड आधी काढून ठेवायचा, नाहीतर आम्ल त्यालाच खाऊन टाकेल. पूर्वी तांब्याचा बंब चिंचेनं घासत, त्यामागेही फळातलं आम्लच होतं.

मिस्त्री : आणि सोलर? तुमच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे.

बाई : सोलर घ्यायचाच आहे. पण तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पॅनेल या पाण्यावर नको. त्या नळ्या आतून बुजतात आणि साफ करता येत नाहीत. काचेच्या पोकळ नळ्यांचा घेऊ, त्या काढून धुता येतात. सपाटच हवा असेल तर उष्णता-विनिमयक असलेला घ्यावा, म्हणजे पॅनेलमध्ये तेच तेच पाणी फिरत राहतं.

मिस्त्री : सोलरला थर धरतो तो मे महिन्यात. गरम पाणी कुणाला नको असतं, आणि वर टाकी उकळत असते. उन्हाळ्यात नळ्यांवर गोणपाट टाकलं तर निम्मं दुखणं कमी होतं. गॅस गिझरचं विचारू नका, बंद बाथरूममध्ये तो मी लावतच नाही. कार्बन मोनॉक्साइडनं माणसं झोपल्यासारखी जातात.

बाई : त्यावर आपलं दोघांचं एकमत. पण मी गिझरच्या लाइनला छोटा सॉफ्टनर बसवणारच. टँकरच्या महिन्यांत नळ आणि पाऊस दोन्ही नसतील.

मिस्त्री : आणि मी म्हणणार, ते महिने उन्हाचे, तेव्हा गिझर बंदच असतो. पण पॉइंट काढून ठेवतो. दोन वर्षं त्याच्याशिवाय चालवून बघा, दिवाळीला उघडल्यावर थर किती निघाला ते मोजा, मग ठरवा.

बाई : मोजून ठरवायचं असेल तर मान्य.

दोघांचं सॉफ्टनरवर शेवटपर्यंत जुळलं नाही, आणि तो मतभेद मला महत्त्वाचा वाटतो. दुष्काळी भागात पाण्याचा प्रत्येक उपाय स्वतःच थोडं पाणी आणि थोडं मीठ मागतो. म्हणून सगळ्या घराचं पाणी बदलण्याचा हट्ट इथे चालत नाही. पण रोजच्या पाचशे लिटरपैकी तापणारं पाणी साठच लिटर असतं. तेवढ्यापुरती वेगळी टाकी, कमी तापमान आणि वर्षातून एकदा आत डोकावणं कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे. ‘गेलं की बदलू’ हे उत्तर स्वस्त वाटतं, कारण त्या हिशेबात तडकलेल्या एलिमेंटखाली आंघोळीला उभ्या असलेल्या माणसाची किंमत धरलेली नसते.

घर बांधत असाल तर टाइल्स लागण्याआधी मिस्त्रींशी तीन गोष्टी बोलून घ्या : गिझरची लाइन कुठल्या टाकीवरून येणार, गिझर उघडायला जागा किती सुटणार आणि आरसीसीबी कुठे बसणार. घर आधीच बांधलेलं असेल, तर थर्मोस्टॅट आज ५५वर आणा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून बघा. पाणी आलं नाही, तर मिस्त्रींना बोलावून तो व्हॉल्व्ह बदलून घ्या आणि तोवर गिझरचं बटण दाबू नका.